मधला रिकामा तुकडा

थोरलीला आजवर कुणी मत्सरी म्हटलं नव्हतं, आणि ही तिची खरी कमाई होती. भरतकामात उलट्या बाजूला धाग्यांचा गुंता राहतो आणि सुलट्या बाजूला फक्त फूल दिसतं. तिनं स्वतःलाही वर्षानुवर्षं तसंच शिवत आणलं होतं. धाकट्या जावेचं कौतुक झालं की सगळ्यांत आधी ती हसायची. त्या कौतुकात आपल्या पदरचा एखादा शब्दही घालायची. मग आत जाऊन धुतलेलं भांडं पुन्हा धुवायची.

कारखाना म्हणजे राहत्या घराचा खालचा मजला. दोन भाऊ, दोन जावा आणि भरतकामाची दोन मोठी यंत्रं. यंत्रं चालू झाली की वर स्वयंपाकघरात कप बशीतल्या बशीत थरथरायचे. थोरलीचा नवरा यंत्रं सांभाळायचा, धागा तुटला की सगळ्या जगाला शिव्या द्यायचा. दीर बाहेर हिंडून कामं आणायचा. गणवेशांवरची चिन्हं, टोप्यांवरची अक्षरं, उशांच्या अभ्र्यांवरची फुलं. आणि हे सगळं ज्या डिझाइनवर चालायचं ते थोरलीचं.

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. वळणदार अक्षर तिला तिथून मिळालं. लग्न होऊन आली तेव्हा ती ट्रेसिंग कागदावर वेल काढायची, रेघेवर सुईनं भोकं पाडायची आणि त्यातून पूड घासून नक्षी कापडावर उतरवायची. पुढे यंत्रं आली. चित्र यंत्राला कळेल अशा टाक्यांत उतरवायचं काम आलं. धंद्यात त्याला पंचिंग म्हणतात. टाका कुठून सुरू करायचा, कुठे वळवायचा, कापड कुठे ओढलं जाईल म्हणून आधीच थोडं जास्त भरायचं, हे संगणकाला एकेक करून सांगावं लागतं. चाळिशीला टेकलेली असताना थोरली हे शिकली. सगळे जेवायला वर गेले की एकटी खाली बसून, चुकत, डोळे पुसत. पण शिकली ती अशी की तिच्या पाकळीची कड कधी चुणली नाही. त्या गल्लीत आणखी तीन भरतकामवाले होते. तिची फुलं ते भिंग लावून बघायचे.

धाकटी आली ती स्वतःचा मॅक घेऊन. ती फोटो काढायची. त्याच सुमाराला थोरलीचा जुना विंडोजचा डबा धूर सोडून मेला, आणि भरतकामाचं सॉफ्टवेअर तर विंडोजशिवाय चालायचं नाही. नवा संगणक घ्यायला थोरला तयार नव्हता. दिरानं तोड काढली. मॅकच्याच डिस्कचे दोन भाग पाडले, एकात मॅक, दुसऱ्यात विंडोज. सुरू करताना एक बटण दाबून धरलं की पडद्यावर दोन चित्रं उमटायची, ज्याचं त्यानं निवडायचं. सकाळी थोरली बसायची, दुपारनंतर धाकटी.

"झालं, एका घरात दोन चुली," थोरला म्हणाला होता. सगळे हसले होते. थोरलीही.

भाग सारखे नव्हते. तीन हिस्से धाकटीचे, एक थोरलीचा. फोटोंना जागा फार लागते, टाक्यांना ती किती लागणार, असं दिरानं समजावलं होतं आणि ते खरं होतं. सात वर्षांची डिझाइन त्या एका हिश्श्याच्या कोपऱ्यात मावत होती. थोरलीला जागा कमी पडत नव्हती. तरी सकाळी संगणक सुरू केला की तिला आधी तो हिशेब आठवायचा.

खरं दुखणं गुलाबापासून सुरू झालं. थोरलीनं आठवडा घालवून एक गुलाब पंच केला होता, सावलीसकट. धाकटीनं तो अभ्रा खिडकीतल्या उन्हात धरला आणि फोटो काढला. फोटो गिऱ्हाइकांना पाठवला, आणि एक बाई खास चालत आल्या. अभ्रा हातात घेऊन थोरलीला म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या बाईंना नजर आहे हं. काय फोटो काढलाय." गुलाब कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही. थोरलीनं त्यांना चहा दिला. त्यानंतर लोक आले की त्यांचे डोळे धाकटीला शोधायचे. थोरला, जो बायकोशी यंत्राच्या भाषेत, म्हणजे चालू आणि बंद अशा दोनच शब्दांत बोलायचा, तो धाकटीच्या विनोदांना मान मागे टाकून हसायचा. धाकटी सकाळी उशिरा उठली तर घर तिच्यासाठी आवाज कमी करायचं. थोरली पाच मिनिटं उशिरा उठली तर बरं नाही का, असं विचारायचं.

दिरानं कितीदा सांगितलं होतं की वहिनी, डिझाइनची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर ठेवत जा. ती हो म्हणायची आणि ठेवायची नाही. बाहेरची डिस्क सगळ्यांची. म्हणजे धाकटीचीही. तिनं एखादी पाकळी उघडून आतले टाके बघितले, वळण कसं घेतलंय ते शिकून घेतलं, तर मग थोरलीपाशी उरलं काय? म्हणून सात वर्षांचं काम त्या एका हिश्श्यात, एकाच ठिकाणी, कडीकुलपात राहिलं.

एका रविवारी तिघं एका गिऱ्हाइकाकडे जेवायला गेले. थोरली डोकं दुखतं म्हणून राहिली. खाली येऊन तिनं संगणक सुरू केला आणि तिचा हात धाकटीच्या चित्रावर गेला. पासवर्ड धाकटीनंच सांगितलेला होता, कधी लागला तर म्हणून. थोरलीनं तो कधी वापरला नव्हता, पण विसरलीही नव्हती. तिनं फोटो बघितले नाहीत. तिला फक्त ती वाटणी बघायची होती. दिरानं तेव्हा जिथून केली होती ती जागा तिनं त्याच्या खांद्यावरून नीट बघून ठेवली होती. पडद्यावर एक गोल आला, त्यात मोठी फोड आणि लहान फोड. मधली रेघ पकडून ओढता येत होती.

तिनं ओढली. चाळीस जीबीचा तुकडा मोठ्या फोडीतून निघाला. यंत्रानं एकदा विचारलं, खात्री आहे ना? ती हो म्हणाली. कुणाचं काही काढून घेणं इतकं सोपं असतं याचं तिला नवल वाटलं. तुकडा विंडोजला वाचता येईल असा करून ठेवला, पण आपल्या फोडीला तो जोडायला गेली तर ती सोय तिथं नव्हती. तो मधेच पडून राहिला, ना तिचा ना हिचा. विंडोजमधून जोडून बघू उद्या, असं ठरवलं तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. तिनं संगणक बंद केला आणि कपाळाला बाम लावून बसली.

संध्याकाळी धाकटी फोटो चढवायला बसली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खाली आली तर धाकटी संगणकापाशी आधीच होती आणि पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू भरत होती. मॅकचं नवं रूप आलं होतं, बरेच दिवस मागे लागलं होतं, म्हटलं लवकर उठून करून टाकू, तुमची वेळ जायला नको, असं धाकटीनं सांगितलं. थोरलीनं बरं म्हटलं. पट्टी भरली, यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं. थोरलीनं बटण दाबून धरलं.

पडद्यावर एकच चित्र उमटलं.

तिनं पुन्हा केलं. एकच. तिच्या हिश्श्याचं चित्र नव्हतंच.

आता त्या हिश्श्यात काय होतं ते सांगायला हवं. होड्या वल्हवणाऱ्या एका मंडळाची जाकिटं आली होती, छातीवर एका पायावर उभा बगळा हवा होता, आठवडाअखेर द्यायची होती. बगळा जवळजवळ पुरा झाला होता. त्याच्या मागे सात वर्षांची फुलं, वेली, अक्षरं. थोरलीजवळ दुसरं काही नव्हतं. दिसायला बेताची, बोलायला बेताची, आणि धाग्यात असामान्य. तो धागा त्या हिश्श्यात होता.

"काय केलंस तू?" ती धाकटीला म्हणाली. आवाज इतका हळू होता की थोरल्यानं यंत्र थांबवलं.

मग जे व्हायचं ते झालं. थोरल्यानं धाकटीला चार शब्द सुनावले, कधी नव्हे ते. न विचारता यंत्राशी खेळू नये, घरात दुसऱ्यांचंही काम असतं. दीर बायकोकडे बघेना. धाकटीचं तोंड धुतलेल्या कापडासारखं झालं. आणि थोरलीला, सात वर्षांचं काम बुडालेलं असताना, पोटात कुठेतरी गार वाटलं. तिला त्या गारव्याची भीती वाटली. पण तिनं तो लगेच सोडला नाही.

त्या तुकड्याची आठवण मनात येत होती. थोरली ती परतवून लावत होती. आपण तर फक्त रेघ सरकवली, गेलं ते अपग्रेडनं गेलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून आपल्याला तसं वाटतंय. असं ती स्वतःला समजावायची आणि चोर हा शब्द आपणच उच्चारला म्हणून दचकायची.

दुसऱ्या दिवशी दिरानं बोलावलेला डिस्कवाला आला, बिघडलेल्या डिस्कमधून माल परत काढून देणारा. बोजड माणूस, सर्दी झालेला. कापड कापायच्या टेबलावर त्यानं मॅक ठेवला, स्वतःचा एक लहान संगणक जोडला आणि नाक पुसत बसला. दोन्ही यंत्रं बंद ठेवली होती. घर इतकं शांत कधी नसायचं. चौघंही भोवती उभे होते, आजाऱ्याच्या खाटेभोवती उभे राहतात तसे.

माल बहुतेक जागेवर आहे, असं त्यानं आधी सांगितलं. गेलाय तो फक्त नकाशा. कुठला भाग कुठून सुरू होतो ते डिस्कच्या तोंडाशी लिहिलेलं असतं. ते बदललंय, म्हणून यंत्राला विंडोज दिसत नाही. जुनी सुरुवात सापडली की नकाशा पुन्हा लिहायचा. थोरलीनं टेबलाची कड धरली. मग तो पडद्यावरचे आकडे खालीवर करत राहिला, आणि बोलला तेव्हा मान वर न करता.

"एक भानगड आहे. मला विंडोजच्या जातीच्या दोन सुरुवाती दिसतायत. एक खरी, दुसरी मधल्या एका तुकड्याची. तुकडा अपग्रेडनं केलेला नाही, ते असला करत नाही. हा हातानं कापलाय, आणि त्यानंच अपग्रेडचा हिशेब चुकला. कुणी कापला?"

दिरानं थोरल्याकडे बघितलं, थोरल्यानं पडद्याकडे.

"मला भांडण लावायचं नाही," तो म्हणाला. "किती कापला आणि कुठल्या टोकाकडून, एवढं कळलं तर खरी कुठली ते मला नक्की ठरवता येईल. अंदाजानं लिहिलं आणि अंदाज चुकला, तर मालावरच लिहिलं जाईल. मग मीही काही करू शकणार नाही. आणि ही डिस्क म्हातारी आहे, पुन्हापुन्हा खरवडायला नको."

थोरलीला सगळं ऐकू येत होतं. चाळीस. धाकटीच्या भागाच्या शेवटाकडून. दोन वाक्यं. बोलली तर डिझाइन परत, आणि ती कुठल्या हेव्यापोटी कापायला गेली ते या टेबलावर उघडं. नाही बोलली तर बगळा जाईल, गुलाब जाईल, सगळं जाईल, पण दोष धाकटीकडेच राहील. तिनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. आपल्याला काय जास्त हवंय हे तिला त्या क्षणी खरोखर कळत नव्हतं, आणि याचीच तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"मी कापला," धाकटी म्हणाली. "रविवारी. चाळीस जीबी. माझ्या भागाच्या शेवटाकडून, विंडोजच्या अलीकडे."

थोरल्यानं तोंडानं आवाज केला. दीर म्हणाला, अगं मग कालच का नाही बोललीस? धाकटी म्हणाली, घाबरले. डिस्कवाल्यानं आकडा टिपून घेतला, दोन सुरुवातींमधलं अंतर ताडून बघितलं, मान डोलावली आणि लिहायला लागला. चहा झाला, त्यानं दोन कप घेतले. मग संगणक बंद केला, बटण दाबून धरलं आणि पडद्यावर दोन चित्रं उमटली. विंडोजनं डिस्क तपासायला बराच वेळ घेतला, मधे एकदा आकडा तसाच थांबला, आणि मग उघडलं. बगळा एका पायावर उभा होता.

दिरानं टाळी वाजवली. थोरलीनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"या बाई बोलल्या म्हणून निभावलं," डिस्कवाला वायरी गुंडाळत म्हणाला. "लोक शेवटपर्यंत बोलत नाहीत. डिस्क आपोआप कापली गेली म्हणतात."

"चूक कबूल करायला धमक लागते," थोरला म्हणाला. कालचा राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. तो धाकटीकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर थोरलीनं आपल्यावर आणण्यासाठी आयुष्यातले किती टाके घातले होते. गुलाबाला मिळाली नाही, वेलींना मिळाली नाही. आणि चुकीला मिळाली. तीही चूक हिची नाही, माझी. माझं पापसुद्धा हिच्या अंगावर शोभून दिसतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती इथं, डिझाइन गेली तेव्हा नाही.

"तो तुकडा मी कापलाय," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. मग थोरला हसला, अगदी मायेनं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं हसू. "बघा. थोरली ती थोरली. स्वतःचं एवढं नुकसान होत होतं, तरी हिला पदराखाली घ्यायला निघाली."

"अहो, खरंच मीच कापलाय."

"वहिनी, ती वाटणी कुठून करतात ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" दीर म्हणाला. "जाऊ द्या आता. तिला मी काही बोलणार नाही."

तिनं सांगायला सुरुवात केली की गोल असतो, त्यात रेघ असते. पण थोरला यंत्राकडे गेला होता आणि दीर डिस्कवाल्याला दारापर्यंत पोचवत होता. डिस्कवाला उंबऱ्यात थांबून म्हणाला की एका चुकीचे दोन मालक त्यानं पहिल्यांदाच बघितले, एरवी एकही भेटत नाही. सर्दीतच हसला आणि गेला. यंत्रं सुरू झाली. वर कप थरथरायला लागले.

दोघी जावा टेबलापाशी राहिल्या. धाकटी कापडाचे तुकडे गोळा करत होती, जे गोळा करायची तिला सवय नव्हती.

"तुला कधी कळलं?" थोरलीनं विचारलं.

"रविवारीच. फोटो चढवताना माझी जागा कमी दिसली. म्हटलं, ताईंना हवी असेल."

"आणि विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला ते खरं मानावं लागलं असतं." धाकटीनं तुकडे टोपलीत टाकले. "त्यानं तुमचं विंडोज जाईल हे मला कुठे माहीत होतं? माहीत असतं तर अपग्रेड केलंच नसतं."

थोरलीला वाटलं, आता ही उपकाराचं काहीतरी बोलेल. तिनं त्याची तयारी केली. मान ताठ केली. "मग स्वतःवर कशाला घेतलंस? मी काही मागितलं नव्हतं."

धाकटीनं यंत्रांकडे बघितलं. आवाजात ऐकू जावं म्हणून ती जवळ आली. "खरं सांगू ताई? तुमची डिझाइन गेली असती तर ते सगळं माझ्या गळ्यात आलं असतं. हे वर्षभर माझ्या मागे आहेत, पंचिंग शीक, पंचिंग शीक. मी टाळतेय. तुम्ही आहात म्हणून टाळता येतं. दिवसभर एका पाकळीवर बसायचं, टाका इकडून घ्यायचा की तिकडून, मला वेड लागेल. मला नको आहे ते." मग आपण काही चुकीचं बोललो का असं वाटून तिनं भर घातली, "तुम्ही करता ते सुंदरच असतं. पण मला नको."

ती वर गेली. जिन्यात तिनं नवऱ्याला काहीतरी म्हटलं आणि तो हसला.

थोरली संगणकापुढे बसली. सात वर्षं तिनं कुलूप राखलं होतं. ज्या चोरासाठी राखलं तो दारावरून जाता-येता कधी दाराकडे वळूनही बघत नव्हता. धाकटीनं तिची पाकळी चोरली असती, तिच्यासारखं वळण घ्यायला बसली असती, हरली असती किंवा जिंकली असती, तरी बरं झालं असतं. नको. इतकं सहज म्हणता येतं? थोरलीनं आठवून बघितलं. पाट्यांच्या दुकानापासून या खुर्चीपर्यंत तिनं कशालाच नको म्हटलं नव्हतं. कागद, पूड, विंडोज, एक हिस्सा. समोर आलं ते घेतलं आणि त्यात हात बसवला. आता तिला त्या पोरीच्या फोटोंचा, उशिरा उठण्याचा, कशाचाच हेवा वाटत नव्हता. त्या एका शब्दाचा वाटत होता, आणि तो हेवा एवढा मोठा होता की आधीचे सगळे त्यात मावून गेले.

थोरल्यानं पलीकडून हाक मारून विचारलं, बगळा कधी देतेस, जाकिटं चढवायची आहेत.

"देते," ती म्हणाली.

बगळ्याची मान जरा आखूड झाली होती. कापड तिथं ओढलं जाणार होतं. तिनं मानेतले टाके सोडवले आणि थोडी जास्त लांबी धरून पहिल्यापासून घालायला घेतले.